मेहरूणची बोरे आणि खिशातला चाकू

बोर खायला चाकू लागत नाही. दोन बोटांत धरावे, शर्टाला पुसावे आणि तोंडात टाकावे, एवढाच त्याचा विधी. तेव्हा मेहरूणच्या बोरांपायी मी चाकू निवडण्याच्या फंदात पडलो असे सांगितले, तर आमचे शेजारी हसतात. तुम्हीही हसाल; पण हकीगत ऐकून मग हसा.

आमच्या सौभाग्यवतींचे मामा मेहरूणला राहतात. मूळचे ते धुळ्याकडचे, पण चाळीस वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. मेहरूण हे एके काळी जळगावच्या शेजारचे निराळे गाव. आता जळगाव शहरानेच त्याला कवेत घेतले आहे. तलाव मात्र आहे. पहाटे त्याच्या काठाने सगळे जळगाव फिरायला लोटते, आणि अनंत चतुर्दशीला गणपतीही तिथेच निरोप घेतात. खानदेशाबाहेरच्या माणसाला मात्र मेहरूण हे नाव कळते ते बोरामुळे. शेतीच्या पुस्तकांतसुद्धा उमराण, कडाका यांच्या पंगतीला मेहरूण ही जात मांडलेली असते. उमराणचे बोर दिसायला थोराड. मेहरूणचे लहान, पण गोडीत ऐकायचे नाही. गावाचे नाव फळाला मिळावे हे भाग्य थोड्याच गावांच्या वाट्याला येते. दुर्दैव असे की नाव राहिले आणि बोरी जाऊ लागल्या. बोरीच्या जागी प्लॉट पडले, प्लॉटांवर बंगले उठले, आणि त्या बंगल्यांतली मंडळी हातगाडीवरून बोरे विकत घेतात.

गेल्याच्या आदल्या पौषात आम्ही मामांकडे गेलो होतो. मामांनी भरिताचा बेत केला होता. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर हिरवी, पांढुरकी, भली दांडगी वांगी भाजत होती. (जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मामांना त्याचे काही विशेष वाटत नाही; सरकारला उशिरा कळले, एवढेच ते म्हणतात.) त्या दिवशी माझे लक्ष वांग्यांपेक्षा मामांच्या खिशाकडे अधिक गेले. सदऱ्याच्या खिशातून एक घडीचा चाकू सारखा बाहेर येत होता आणि आत जात होता. वांग्याला टोचे मारायचे, काढ चाकू. केळीचे पान छाटायचे, काढ चाकू. पोत्याची सुतळी कापली, मिरच्या उभ्या चिरल्या, आणि माझ्या पायात बोरीचा काटा मोडला तो टोक जाळावर धरून अलगद काढला, तोही त्याच चाकूने. पाते झिजून झिजून बाभळीच्या शेंगेएवढे उरले होते. लाकडी मूठ तळहाताच्या घामाने काळी पडलेली. खिळा थोडा सैल.

"किती वर्षांचा?" मी विचारले.

"तुमच्या लग्नाच्या आधीचा," मामा म्हणाले. आमच्या घरात सर्व जुन्या गोष्टी याच मापाने मोजतात.

जेवणानंतर मामांनी आम्हाला मागच्या तुकड्याकडे नेले. बांधावर एक म्हातारी बोर उभी होती. फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली बोरांचा सडा. मामा म्हणाले, "खाऊन घ्या. जमीन विकली. पुढच्या दिवाळीला हे झाड नसेल."

आमची कन्या तेव्हा कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, आठळ्या लावू या की!" मग स्वतःच थबकली. आठळी लावून बोर उगवते, पण मेहरूणची आठळी लावली म्हणजे मेहरूणच येईल असे नाही. बी आपल्या मनासारखे फळ देते. जात तशीच्या तशी राखायची तर रानबोरीच्या खुंटावर या झाडाचा डोळा भरायचा. ठरले असे की मामांनी होळीनंतर पिशव्यांत रानबोरीच्या आठळ्या लावायच्या आणि श्रावणात रोपे पेन्सिलीच्या जाडीची झाली की कन्येने येऊन डोळे भरायचे. "चाकू मात्र तुझा तू आण," मामांनी बजावले. "माझा मी देणार नाही."

झाले! मुलीला चाकू घेणे हे काम बापाने अंगावर घेतले. आमच्या मातोश्रींचा आधी विरोध. बायकांनी विळीवर बसावे, चाकू पुरुषांच्या खिशात शोभतो, असे त्यांचे मत. विळीची धार आपल्या जागी राहते आणि भाजी तिच्याकडे जाते, म्हणून ती सुरक्षित, हा त्यांचा मुद्दा तसा खोडून काढण्याजोगा नाही. पण विळी घेऊन शेताच्या बांधावर कोण जाणार?

मी शहरातल्या एका झगझगीत दुकानात गेलो आणि अकरा अवजारांचा चाकू घेऊन आलो. कात्री, करवत, कानस, पेचकस आणि बूच काढायचा मळसूत्री आकडासुद्धा! तुम्ही म्हणाल, हा तर स्विस चाकू. नव्हे, तो त्याची नक्कल होता. कार्ल एल्सनर याने १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, तेव्हा प्रत्येक पान शिपायाच्या कामाचे होते: पाते, डबे उघडायचे पान, पेचकस आणि टोचा. आमच्या नकलेत पाने पुष्कळ आणि पोलाद पत्र्याचे.

श्रावणात मेहरूणला पोचलो. मामांनी ते रत्न हातात घेतले, उघडले, मिटले, पाते बाजूला हलवून पाहिले. ते खुळखुळले. मामा आपल्या धुळ्याच्या बोलीत म्हणाले, "जवाईबापू, हाऊ चाकू नही शे, खेयनं शे!"

मला राग आला. चाकूची थोरवी दाखवावी म्हणून मी बोरीची एक डोळकाडी तोडायला घेतली. टोक लाकडात रुतले, मी ते जरा दाबले, आणि पाते मिटले ते थेट माझ्या तर्जनीवर. हळद, चिंधी, दवाखाना, दोन टाके आणि धनुर्वाताची सुई. सौभाग्यवती दिवसभर बोलल्या नाहीत, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात यावे.

दुसऱ्या दिवशी मामा आम्हाला जळगावात सुभाष चौकाकडे घेऊन गेले. बांधलेले बोट वर धरून मी मागे चालत होतो. त्या दिवशी मी जे शिकलो ते एवढ्या वर्षांत कुठे वाचले नव्हते. आपण चाकू घेतो तो पाते पाहून. मामा पात्याकडे शेवटी पाहतात. आधी खिळा. चाकू पूर्ण उघडून पाते डावीकडे-उजवीकडे ढकलायचे. तसूभरही हलता कामा नये. घडीचा चाकू बिघडतो तो या सांध्यात. मग पाठीची पट्टी: उघडताना आणि मिटताना पाते 'कट्' करून जागेवर बसले पाहिजे. मिटल्यावर टोक मुठीत पुरते बुडाले पाहिजे, नाहीतर खिसा फाटतो आणि वेळप्रसंगी मांडीही. कुलूप असेल तर फारच चांगले. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा चाकू काढला. पण त्याच्या गळ्यात पाते अडकवणारी फिरती कडी आली १९५५ मध्ये. मधल्या पासष्ट वर्षांत किती फ्रेंच बोटांनी माझ्यासारखे भोगले असेल!

पोलादाचा प्रश्न आला तेव्हा बापलेकीत मतभेद झाला. मला न गंजणारे हवे होते. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ मध्ये ते बनवले तेव्हापासून घराघरांतल्या सुऱ्यांचे काळेपण गेले. पोलादात क्रोमियम भरपूर घातले की वर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि गंजाला दाद देत नाही. साधे पोलाद केळीच्या चिकाने, वांग्याने, लिंबाने काळे पडते, आणि पावसाळ्यात ओले ठेवले तर दुसऱ्या दिवशी तांबेरते. तरी कन्या साध्या पोलादावर अडून बसली. त्याला झटपट धार येते, म्हणाली. डोळा काढताना साल फाटली की डोळा मेला. दुकानदाराने तिला डोळे भरायचा खास चाकू दाखवला. तोही घडीचाच, पाते जेमतेम अडीच इंच, आणि साल उचलायला एक बोथट जीभ. मामांनी धार अंगठ्याच्या नखावर तिरकी टेकवली. सरकली नाही, रुतली. सौदा पटला.

मला मामांनी वेगळा निवडून दिला: न गंजणारे तीन इंची पाते, कुलूप, लाकडी मूठ, बाकी काही नाही. लांब पात्याचा मोह मला झाला होता. मामा म्हणाले, आंब्याची फोड करायला तलवार कशाला? कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल आणि ते घरकामाचे वा शेतीचे नसेल, तर शस्त्र कायद्याच्या नियमांत ते हत्यार ठरते. बटन दाबून उघडणाऱ्याच्या वाटेला तर जाऊच नये. भाजी चिरणाऱ्याला एवढी घाई कसली? आणि विमानाने जाणार असाल तर आपला चाकू मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून कन्येने डोळे भरले. खुंटाच्या सालीवर उभी-आडवी चीर, जिभेने साल उचलायची, ढालीसारखा कापलेला डोळा आत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी. दहा रोपे. प्रत्येक डोळ्यानंतर ती पाते पुसत होती. मामा काही न बोलता पाहत होते. शेवटी आपला जुना चाकू त्यांनी खिशातून काढला. लोखंड हातात देऊ नये, भांडण होते, म्हणून त्यांनी तो ओट्यावर तिच्यासमोर ठेवला. "घे माय. खिळा तेवढा ठोकून घे. शिवणयंत्राचे तेल एक थेंब, जास्त नको."

दहांतले सात डोळे धरले. म्हातारी बोर दसऱ्यानंतर गेली. त्या वेळी आम्ही मुद्दामच गेलो नाही. पाच रोपे मामांच्या पुतण्याच्या शेतात लागली, एक कन्येच्या महाविद्यालयात, आणि एक पुण्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणाला. यंदा त्याने कमरेएवढी उंची गाठली आहे. बोरे अजून नाहीत. काटे भरपूर आहेत, आणि त्यांबद्दल गेल्या सभेत सेक्रेटरींकडे एक लेखी तक्रार आली आहे.