नागापूर : ऐकण्याची पूर्वतयारी

अहिल्यानगरहून मनमाडच्या रस्त्याने निघाले, की सावेडी मागे पडते, सीना नदीवरचा पूल लागतो आणि पलीकडे नागापूर येते. एके काळचे हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळेच अधिक ओळखले जाते. पाळी सुरू होण्याच्या वेळी चहाच्या टपरीपाशी यंत्रांच्या घरघरीतून आणि ट्रकच्या भोंग्यांतून तुटक वाक्ये कानी पडतात. ‘‘जॉब नीट बसत नाही,’’ असे कोणी म्हणतो. कामाच्या शोधात आलेल्या नवख्याला ते नोकरीविषयीचे गाऱ्हाणे वाटते. लेथ चालवणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की बोलणे यंत्रावर चढवायच्या लोखंडी तुकड्याविषयी आहे. ध्वनी एकच, अर्थ ऐकणाऱ्याने आधीच बरोबर आणलेला.

नगरजवळच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचा लिलाव चालू असतो, तेव्हा हेच दिसते. नवख्याच्या कानी नुसता गलका येतो. व्यापाऱ्याला कालचा भाव माहीत असतो, समोरचा माल गोल्टी आहे की मोठा हे तो पाहतो आणि आकड्याचे शेपूट कानी येताच पुरा भाव समजतो.

रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये याचीच परीक्षा घेतली. ध्वनिमुद्रित वाक्यातील एका शब्दातून एक ध्वनी काढून त्याने तेथे खोकला घातला. 20 पैकी 19 श्रोत्यांना शब्द पूर्णच ऐकू आला. खोकला नेमका कोठे होता, हेही त्यांना अचूक सांगता येईना. जे कानावर आलेच नव्हते, ते मनाने भरून काढले होते.

जैन आचार्यांनी या व्यापाराच्या पायऱ्या फार पूर्वी सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. काहीतरी ऐकू आले, हा अवग्रह. ते काय असावे याचा शोध, ही ईहा. ‘हे अमुकच’ असा निश्चय, हा अवाय. आणि तो मनात टिकणे, ही धारणा. नंदीसूत्रात भट्टीतून नुकत्याच काढलेल्या मातीच्या पात्राचा दृष्टांत आहे. पहिले थेंब त्यात जिरून जातात. पात्र ओले झाले, की मग पाणी टिकू लागते. कालची धारणा स्मृती होऊन आजच्या ऐकण्याला साहाय्य करते. कोरड्या पात्रात मात्र चांगले वचनही जिरून जाते.

अहिल्यानगरात आचार्य आनंदऋषिजींचे समाधिस्थान आनंदधाम आहे. चातुर्मासात नागापूरच्या वसाहतीतील एखादे कुटुंब तेथे जाते. प्रवचनात ‘पाच समिती, तीन गुप्ती’ असे शब्द येतात. आजीला चालण्या-बोलण्यातील सावधानता आणि मन-वचन-कायेचा संयम आठवतो. शेजारी बसलेल्या नातवाला बाजार समिती आणि काठीत लपवलेले शस्त्र आठवते! दोष त्याच्या कानाचा नाही, बुद्धीचाही नाही; धारणेची शिदोरीच त्याला दिलेली नाही. आचार्यश्रींच्या प्रेरणेने पाथर्डीत धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले, ते ही शिदोरी बांधून देण्यासाठीच. पंचवीस बोल पाठ केलेल्या मुलाला प्रवचन दुर्बोध वाटत नाही.

परंतु या शिदोरीत एक धोकाही आहे. अनुभवी माणूस ईहेची पायरी गाळतो आणि अवग्रहावरून थेट निश्चयाला पोहोचतो. फोनवर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा आवाज ऐकताच नेहमीचाच माल लिहून घेतला जातो. त्याने या वेळी वेगळे मागितले होते, हे गाडी पोहोचल्यावर कळते. तेथे नुकसान मालाचे होते. घरात ते मनाचे होते. ‘‘दुकानाबद्दल थोडं बोलायचं होतं,’’ एवढे मुलगा म्हणतो आणि वडील उरलेले वाक्य स्वतःच पूर्ण करतात : याला दुकान नको आहे. कदाचित त्याला दुकान वाढवायचे असते.

म्हणून श्रावकाला दोन्ही सांभाळावे लागते. मुलांच्या मनात धारणा साठवावी आणि स्वतःच्या मनात ईहा जागी ठेवावी. ‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा असा आहे. ज्ञान बरोबर घेऊन ऐकावे. पण समोरच्याचे वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यावे.