कुकडीकांठचे रांजण

गेल्या वैशाखांत निघोजचे रांजणखळगे पाहावयास जावयाचें ठरलें, तेव्हां आत्याबाईंना न्यावें कीं नाहीं यावरून घरांत बरीच भवति न भवति झाली. "वय ऐंशीचें, ऊन रणरणतें, त्यांनीं घर सांभाळावें," असें मींच सुचविलें. विसाव्या वर्षीं माहेरीं परतल्यापासून घर सांभाळण्याचें काम त्यांच्याचकडे असल्यानें कोणास त्यांत वावगें वाटलें नाहीं. शेवटीं मुलांच्या हट्टामुळें त्या आल्या.

पुण्याहून पहांटे निघून शिरूरमार्गें आम्ही सकाळींच टाकळी हाजीस पोहोंचलों. नाणेघाटाच्या परिसरांत उगम पावून घोडनदीस मिळणारी कुकडी येथें पुणें व अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. दोन्ही तीरांवर मळगंगेचीं देवळें. मध्यें काळ्याभोर पाषाणांत नदीनें कोरलेली खोल घळ. उन्हाळ्यांत पाणी तळाशीं जातें आणि रांजण, उखळें, कढया यांच्या आकाराचे असंख्य खळगे उघडे पडतात.

हा पाषाण सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेला गोटा खडकांतील लहानशा खोलगटांत गरगर फिरतो, कडा घांसतो. वाळू त्यास साह्य करिते. असे कितीएक पावसाळे लोटले म्हणजे रांजण होतो. हें सारें मीं मुलांस मोठ्या ऐटींत समजावून दिलें. आत्याबाई छत्री घेऊन शेजारीं उभ्या होत्या. गुडघाभर खोल अशा एका कोरड्या खळग्यांतून त्यांनीं धाकट्याकडून लिंबाएवढा गोटा काढविला व तळहातावर फिरवून विचारलें,

"रांजण झाला खरा, पण ह्याचें काय होतें रे?"

"तो झिजून वाळू होतो, आत्या. मग दुसरा येतो."

"आपल्या जात्याला टाकी तरी लावून घेत असूं," त्या हंसून म्हणाल्या, "ह्याला तेंही नाहीं."

मला पुढें बोलवेना. मीं त्यांच्या हातची छत्री घेतली, ती परत गाडींत बसेपर्यंत सोडिली नाहीं.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं ऊन तापण्यापूर्वीं पाहून परतावें. पुढें खडक पाय भाजतो. कडा गुळगुळीत आहेत, पाणी दिसतें त्याहून खोल असतें. मुलांचा हात सोडूं नये. आणि घरचें वडील माणूस मागें ठेवूं नये.

निघतांना आत्याबाईंनीं तो गोटा होता तेथेंच ठेवविला. "पावसाळ्यांत त्याला काम आहे," त्या म्हणाल्या.