‘किल’ म्हणजे चर्च की रान? आयर्लंडच्या डोंगर-ओढ्यांच्या नावांची नोंद

१/ आयर्लंडच्या नकाशावर ‘किल’ने सुरू होणारी असंख्य नावे आढळतात. इंग्रजी जाणणारा वाचक ती वाचून क्षणभर दचकतो. वास्तविक त्या अक्षरांचा हत्येशी काहीही संबंध नाही. आयरिश भाषेत ‘किल’ म्हणजे चर्च. किलकेनी म्हणजे संत कॅनिसचे चर्च.

२/ मात्र प्रत्येक ‘किल’ चर्च नसते. रानाला आयरिशमध्ये ‘क्विल’ म्हणतात आणि इंग्रजी लेखणीने हे दोन्ही शब्द अनेकदा एकाच अक्षरांत बसवले. त्यामुळे ‘किलमोर’ हे नाव एके ठिकाणी ‘मोठे चर्च’, तर दुसरीकडे ‘मोठे रान’ असू शकते. कोठे काय, हे नकाशावरून कळत नाही. ते तेथे राहणाऱ्या माणसाला विचारावे लागते. हा थ्रेड त्या विचारण्याचा इतिहास आहे.

३/ १८२४ साली ब्रिटिश सरकारने संपूर्ण आयर्लंडची मोजणी हाती घेतली. हेतू भाषेचा नव्हता, महसुलाचा होता. स्थानिक कराची वाटणी ‘टाउनलँड’ या सर्वांत लहान भूविभागावर होत असे आणि जुन्या मोजण्या अत्यंत सदोष होत्या. अनेक टाउनलँड मिळून एक पॅरिश होई. देशातील टाउनलँडची संख्या साठ हजारांहून अधिक. नकाशाचे प्रमाण ठरले एका मैलाला सहा इंच.

४/ या मोजणीचे प्रमुख थॉमस कोल्बी. उष्णतेने लांबी बदलू नये म्हणून त्यांनी पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्या तयार करवल्या. भारतातील महासर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन ही पद्धत पाहिली आणि तशाच पट्ट्या भारतात आणल्या. दोन वसाहतींची जमीन एकाच रीतीने मोजली गेली, ती अशी.

५/ जमीन पट्टीने मोजता येते, नाव मात्र कानाने टिपावे लागते. मोजणीवरील सैनिकांना आयरिश येत नव्हती. एकाच जागेची जमीनदाराच्या दप्तरातील, धर्मगुरूच्या वहीतील आणि जुन्या नकाशांतील निरनिराळी रूपे ते ‘नाववह्यां’मध्ये उतरवून घेत. त्यांतले कोणते रूप छापायचे, हा प्रश्न उरे.

६/ तो सोडवण्यासाठी १८३० मध्ये जॉन ओ’डोनोव्हन यांची नेमणूक झाली. किलकेनी परगण्यात जन्मलेल्या या विद्वानाला जुनी हस्तलिखिते व बोलती आयरिश दोन्ही अवगत होत्या. त्यांचे वरिष्ठ अधिकारी थॉमस लार्कम यांनीही त्यांच्याकडूनच आयरिशचे धडे घेतले होते.

७/ ओ’डोनोव्हन एकामागून एक पॅरिश पालथे घालीत. गावातील वृद्ध आयरिश भाषकांना नाव उच्चारायला सांगत, उच्चारावरून मूळ शब्द शोधत आणि जागा पाहून अर्थ पडताळत. ‘क्नॉक’ असेल तर तेथे टेकडी हवी, ‘स्लीव’ असेल तर डोंगर, ‘ओवेन’ असेल तर नदी. मग वहीत मूळ आयरिश रूप, अर्थ आणि नकाशासाठी इंग्रजी लेखन अशी नोंद होई. प्रवासातून त्यांनी डब्लिनला पाठवलेली पत्रे आज इतिहासाचे मोलाचे साधन आहेत.

८/ यात एक विसंगती आहे. छापील नकाशावर आयरिश रूप आले नाही. तेथे इंग्रजी लेखनच राहिले. ब्रायन फ्रील यांनी १९८० च्या ‘ट्रान्सलेशन्स’ या नाटकात नामांतराचा हा प्रसंग एका समाजाच्या पराभवाचे रूपक म्हणून रंगवला. बहुतेकांच्या मनात ही मोजणी ठसली ती त्या नाटकामुळे.

९/ या मोजणीचे इतिहासकार जे. एच. अँड्र्यूज यांनी मात्र या चित्राला हरकत घेतली. बहुतेक नावांवर इंग्रजी वेष फार पूर्वीच चढला होता. १६५० च्या दशकात विल्यम पेटी यांनी केलेल्या मोजणीतही तो दिसतो. ओ’डोनोव्हन यांनी नावे पुसली, असे म्हणण्यापेक्षा पुसट झालेल्या नावांमागचा मूळ शब्द त्यांनी लिहून ठेवला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

१०/ तरीही त्यांच्या जाळ्यातून पुष्कळ निसटले. सरकारला हवी होती ती करपात्र भूविभागांची नावे. ओढ्यातला डोह, गुरे उतरतात तो खडक, शेताचा एखादा कोपरा यांवर स्वतंत्र कर नसतो. अशी अगणित नावे नाववह्यांत आलीच नाहीत. १८४२ मध्ये नावांचा अभ्यास करणारा विभागही बंद करण्यात आला.

११/ अखेरच्या परगण्याचे नकाशे १८४६ मध्ये छापून झाले, तेव्हा बटाट्याच्या रोगाने दुष्काळ सुरू झाला होता. १८४१ च्या जनगणनेतील सुमारे ८१ लाख ७५ हजार लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख ५० हजारांवर आली. सर्वाधिक फटका पश्चिमेकडील आयरिश भाषक गरिबांना बसला. डोहांची आणि खडकांची नावे त्यांच्याच तोंडी होती. ओ’डोनोव्हन आणखी पंधरा वर्षांनी निघाले असते, तर कित्येक गावांत उत्तर द्यायला कोणी भेटले नसते.

१२/ निसटलेल्या नावांमागे पुढे एक परका माणूस लागला. यॉर्कशरमध्ये वाढलेले चित्रकार टिम रॉबिन्सन १९७२ मध्ये अॅरन बेटावर राहायला आले. तेथील टपालघर सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना बेटाचा नकाशा करण्याचे सुचवले. ते आयरिश शिकले, किनारा पायी तुडवला आणि शेतकऱ्यांकडून, कोळ्यांकडून एकेका कड्याचे नाव मिळवले. तो नकाशा १९७५ मध्ये निघाला, कॉनेमाराचा १९९० मध्ये.

१३/ आज ‘लॉगेन्म’ या सार्वजनिक संकेतस्थळावर आयर्लंडची हजारो स्थलनामे मूळ रूपासह शोधता येतात आणि तेथील संशोधनाला ओ’डोनोव्हन यांच्या नोंदींचा मोठा आधार आहे. दुष्काळात देश सोडलेल्यांच्या वंशजांना आपले ‘किल’ चर्चचे की रानाचे, हे तेथे पाहता येते. ते उत्तर शिल्लक आहे, कारण करासाठी निघालेल्या मोजणीत कोणीतरी एका म्हाताऱ्याला थांबवून विचारले होते: तुम्ही या जागेला काय म्हणता?