सड्यावरची हिरवळ

हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी दुरुस्तीला टाकली आणि निम्मी दुपार मोडली. गॅरेजमागच्या सड्यावर जाऊन बसलो. श्रावण सरत आलेला. जांभ्याच्या खळग्यांत जेमतेम चिमूटभर माती, तीही पाण्याखाली. तरी सीतेची आसवं निळीजांभळी फुललेली. एवढंसं रोप, पण मुळाशी इवल्या पिशव्या घेऊन किडे पकडतं!

ही हिरवळ बघून गोल्फ कोर्स आठवला. भाच्याने मध्यंतरी पुण्यात बावधनजवळच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर नेलं होतं. 18 होल, डोंगरउतारावर हिरवा गालिचा. टोकियो ऑलिंपिकला गेलेला गोल्फपटू उदयन माने पुण्याचाच, हे भाच्याने दोनदा सांगितलं. ग्रीनवरचं गवत म्हणे तीन-चार मिलिमीटरवर कापतात. सुंदरच होतं सगळं. पण पाय कुठे ठेवावा कळेना, इतकं अवघडलो होतो. इथे सड्यावर मात्र बिनधास्त बसलो, आणि मग लक्षात आलं, बुडाखाली फुलं चिरडली होती.

कोकणातही असं गोल्फ रिसॉर्ट आलं तर? ऑक्टोबरात सडा पिवळा पडतो. हिरवळीला मे महिन्यात पाणी कुठून आणणार? गॅरेजातल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, पगार किती देतात तिथे?”