अनाम अस्थींची साक्ष

आमच्या घरांतून अस्थींना नेहमीं नांव असतें. अस्थिसंचयापासून तर्पणापर्यंत नांव व गोत्र उच्चारल्यावांचून कोणताच विधि पुरा होत नाहीं. म्हणून जानेवारी २०२२ मध्यें वर्धा जिल्ह्यांतील आर्वीहून आलेलें वृत्त वाचून आम्ही सुन्न झालों. एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताचा तपास करीत असतां पोलिसांना तेथील एका खासगी रुग्णालयाच्या आवारांत, गोबरगॅसच्या खड्ड्यांत, अर्भकांच्या ११ कवट्या व ५४ हाडें सांपडलीं.

दोष कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम. आमच्या मनांत आधीं प्रश्न उभा राहिला तो निराळाच: ह्या मुली होत्या काय?

प्रौढाच्या कटिभागाच्या हाडांवरून स्त्रीपुरुषभेद जाणत्या वैद्याला बहुधा सांगतां येतो. अर्भकाच्या हाडांत तो भेद स्पष्ट उमटलेलाच नसतो. तेथें डीएनएलाच शरण जावें लागतें. हाडाचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करतात व त्याची बारीक पूड करतात. मग एका द्रावणानें तींतील कॅल्शियम काढतात, पाचक द्रव्यानें प्रथिनें विरघळवितात आणि मोकळा झालेला डीएनए सिलिकावर धरून धुऊन घेतात. हातीं येतो तो अंश इतका अल्प, कीं त्याच्या असंख्य प्रती काढल्यावरच तो वाचतां येतो. म्हणून प्रयोगशाळेंतील सोवळें आमच्या आजीबाईंच्या सोवळ्याहून कडक असतें. काम करणाराच्या थुंकीचा एक कण पडला तरी हाडाऐवजीं तोच बोलूं लागतो!

शिवाय ओल, उष्णता आणि जंतु ह्यांनीं डीएनएचे तुकडे होतात. लिंगनिर्णयासाठीं पाहतात त्या जनुकाचा वाय गुणसूत्रावरील तुकडा एक्सवरील तुकड्याहून किंचित् लांब असतो, आणि जीर्ण नमुन्यांत लांब तुकडे आधीं नाहींसे होतात. तेव्हां वाय दिसला नाहीं एवढ्यावरून ‘मुलगी’ म्हणतां येत नाहीं. इतर खुणा पुरेशा मिळाव्या लागतात. आणि मुलगी ठरली तरी तेंच गर्भपाताचें कारण होतें, हें हाड सांगत नाहीं.

याहून अवघड प्रश्न कुळाचा. अर्भकाचा अर्धा डीएनए आईचा व अर्धा बापाचा. नातें जुळवावयाचें तर ताडून पाहण्यास त्यांचे नमुने हवेत. हरवलेल्या माणसाच्या अस्थि सांपडल्या तर घरचीं माणसें रक्त द्यावयास धांवत येतात. ह्या ५४ हाडांसाठीं कोण पुढें येणार?

गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानेंच देशांत प्रथम, १९८८ सालीं, केला. सर्व देशासाठीं तो १९९४ सालीं झाला. तरीहि राज्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें मुली २००१ सालीं ९१३ होत्या, त्या २०११ सालीं ८९४ झाल्या. ही घट केवळ अडाण्यांच्या घरांतली, असें समजून सुशिक्षितांनीं हात झटकणें बरें नव्हे. सुनेला दिवस गेले कीं ‘यंदा मुलगाच हो’ असें सहज म्हणणारीं वडील माणसें आमच्याहि माजघरांत आहेत, आणि तें ऐकून मान खालीं घालणारी सूनहि आहे. प्रयोगशाळेचें काम सारें होऊन गेल्यावर सुरू होतें. तें वडिलांचें वाक्य तेथल्या तेथें थांबविणें मात्र घरच्या माणसांच्याच हातीं आहे.