वाटा आणि वाटणी

मराठीत कधी कधी शब्द तोच राहतो, क्रियापद बदलते आणि घरातली हवा पालटते. ‘वाटा’ हाच शब्द घ्या. उशिरा येणाऱ्या मुलासाठी आई खरवसाचा वाटा काढून ठेवते, तेव्हा त्या शब्दाला वेलदोड्याचा वास असतो. त्याच मुलाने पुढे घरात वाटा मागितला, की शेजारच्या खिडक्या हळूच उघडतात! वाटा ठेवावा, वाटा द्यावा; मागू मात्र नये, असा आपल्या घराघरांतला अलिखित नियम. वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. पण या क्रियापदांचा महिमा मला व्याकरणाने शिकवला नाही. तो शिकवला प्राप्तिकराने.

आमचे गाव आंदर मावळातले. लोणावळ्याला जाणारी लोकल कान्हे स्टेशनात सोडायची, इंद्रायणीवरचा पूल ओलांडून टाकव्याची वाट धरायची, की आंद्रा नदीचे खोरे सुरू होते. वरच्या अंगाला ठोकरवाडीचे धरण. टाटांनी १९२२ साली विजेसाठी बांधलेले. खाली भातखाचरे. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ या मातीत असा रुजला आहे, की तो शिवकाळापासून इथलाच असावा असे पाहुण्यांना वाटते.

पुढे टाकव्याच्या आसपास कारखाने आले. कारखान्यांमागून कामगार आले आणि कामगारांना खोल्या हव्या झाल्या. माझे वडील प्राथमिक शिक्षक. निवृत्तीच्या फंडातून त्यांनी गावाबाहेर थोडी जागा घेतली आणि तिच्यावर सहा खोल्यांची एक ओळ उभी केली. मृत्युपत्र वगैरे काही न करता ते गेले. मागे आई, दादा, ताई आणि मी.

दादा गावातच राहतो. गळकी कौले तो बदलतो, तुंबलेली मोरी तो साफ करून घेतो आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडेही तोच गोळा करतो. त्या पैशातून आईची औषधे होतात, देवाचे होते, वर्षसणाला आम्ही गावी जातो ते जेवणही होते. दादा सरळ माणूस. सगळे भाडे स्वतःच्याच विवरणपत्रात दाखवून त्यावरचा कर तो मुकाट्याने भरी. आम्हांला घरी तांदळाचे एकेक पोते पोचे. भाऊबीजेला ताईला साडी मिळे. कोणाचे किती, हा प्रश्न कुणाच्या मनाला शिवला नाही. शिवला असेल, तर ओठांवर आला नाही.

तो आणला एका कारकुनाने. कामगारांसाठी तीन खोल्या एका कारखान्याने भाड्याने घेतल्या आणि त्याच्या हिशेबनिसाने दादाला साधा प्रश्न विचारला, “मालक कोण? सगळ्यांचे पॅन नंबर आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहून द्या.” दादाने मला फोन केला. आवाज जरा चमत्कारिक वाटला. “अरे, हिस्सा म्हणजे काय लिहायचं?” ज्या माणसाने उभ्या जन्मात तो शब्द उच्चारला नव्हता, त्याला तो आता फॉर्मात भरायचा होता.

आम्ही करसल्लागाराकडे गेलो. गृहस्थ मोठे गोड. कलमे अशी सांगत, की जणू शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगताहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे सव्विसावे कलम त्यांनी आम्हांला समजावले. एक घर अनेकांच्या मालकीचे असेल आणि प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असेल, तर ते सारे मिळून ‘एक समूह’ धरले जात नाहीत. ज्याच्या त्याच्या हिश्श्याचे उत्पन्न ज्याच्या त्याच्या नावे. २०२५ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या नव्या कायद्यातही हे तत्त्व तसेच ठेवले आहे. भाडे कोणाच्या हातात पडते, याला महत्त्व नाही. मालक कोण, याला आहे.

मग त्यांनी कागदावर आकडे मांडले. सहा खोल्या, दरमहा पाच हजार, वर्षाचे ३,६०,०००. त्यातून भरलेली घरपट्टी १२,००० वजा. उरले ३,४८,०००. त्याचे शेकडा तीस, म्हणजे १,०४,४००, कायदा सरसकट सोडतो. मग तुम्ही कौले बदला की न बदला. बाकी २,४३,६००. ही सारी रक्कम आजवर दादाच्या एकट्याच्या उत्पन्नात मिळत होती.

“आता भागिले तीन,” दादा म्हणाला.

“चार,” सल्लागार म्हणाले. “बहीण आहे ना तुम्हांला?”

मुलीला हक्क मिळाला तो २००५ साली, असे आपण सर्रास म्हणतो. तो हक्क एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला, जन्माने येणारा. महाराष्ट्राने तो १९९४ सालीच दिला होता. मात्र तोवर लग्ने झालेल्या लेकींना वगळून. पण बापाने स्वतःच्या कमाईतून केलेले आणि मृत्युपत्राविना मागे ठेवलेले जे असेल, त्यात विधवा, मुलगा, मुलगी यांना सारखाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. म्हणजे त्या खोल्यांची पहिली वीट बसली तेव्हाही हा कायदा होताच. प्रत्येकाच्या वाट्याला ६०,९००. आईला दुसरे उत्पन्न नाही; तिच्या रकमेवर कर शून्य.

ताईला कळवले. ती चिंचवडला असते. ती तत्काळ म्हणाली, “मला काय करायचंय? माझं भाडं दादालाच राहू दे.” आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकणार, तोच सल्लागारांनी मान हलवली. मालमत्ता आपल्याकडे ठेवून तिचे नुसते उत्पन्न दुसऱ्याला देऊन टाकले, तर देणारा उदार खरा. पण कर त्यानेच भरायचा. द्यायचेच असेल, तर खोलीच द्या. रीतसर हक्कसोडपत्र करा आणि मोकळे व्हा. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. नवऱ्याने मोबदला न घेता घर बायकोच्या नावे केले, तरी कायदा मालक नवऱ्यालाच समजतो. अपवाद एकच: दोघांनी वेगळे राहायचे ठरवले असेल आणि त्यापोटी दिले असेल तर. संसारात दिलेले देणे कायदा खरे मानीत नाही. संसार मोडताना दिलेले मानतो!

दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला. त्यात लबाडी नव्हती. आमच्या आत्यांनी केले, मावशीने केले, तसे ताईही करील, इतकाच हिशेब. माजघरात कागद ताईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“सही कुठं करायची?” असे ती विचारील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. ती म्हणाली, “दादा, दर भाऊबीजेला तू साडी देतोस, मला आवडते. पण ती तू दिलेली असते. हे बाबांनी दिलंय.” आणि कागद घडी करून तिने परत केला.

कुणी काही बोलेना. दादाचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या राबण्याचे माप कुठल्या कलमात बसवायचे, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले मला दिसत होते. आणि तेही खरेच होते. शेकडा तीस सूट चौघांना सारखी मिळते. मोरीत हात घालणाऱ्याला वेगळी नाही. तेव्हा आई बोलली. तिच्या वाट्याचे जे येईल, ते औषधापुरते ठेवून बाकी सांभाळणाऱ्याचे, असे तिने सांगून टाकले. ताईने आणि मीही आपापल्यातून दरमहा काही दादाला द्यायचे कबूल केले. या देण्याने आमच्या करात एक पैसा कमी होत नाही, हे सल्लागारांनी आधीच बजावले होते.

आता भाडे चार खात्यांत जाते. भात मात्र अजून पोत्यानेच येतो. शेतीच्या उत्पन्नावर हा कर नाही, त्यामुळे त्याची वाटणी कुणी कागदावर मागितलेली नाही. दादा आणि ताई महिनाभर एकमेकांशी जरा जपून बोलत होते. पुढे एका पावसात चौथ्या खोलीचे कौल उडाले, तेव्हा त्याने पहिला फोन तिला केला. “तुझ्या खोल्या गळताहेत,” म्हणाला. ‘तुझ्या’ हा शब्द त्याने किंचित दाबून उच्चारला असेल. पण ताई हसली आणि निम्मा खर्च तिने त्याच संध्याकाळी पाठवला.