गुर्जी, छत्री हाय

"घरातला टीव्ही विका आणि पोरांना पुस्तकं घ्या." धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत, प्रत्येक पालकसभेत मी हे सांगत आलो. माझं चुकत होतं, हे आज मोकळेपणानं लिहितो.

मी ते मनापासून सांगायचो. थोरली दहावीला गेली तेव्हा आमचा टीव्ही चादरीत गुंडाळून मी माळ्यावर टाकला, केबल तोडली. ती चांगल्या मार्कांनी पास झाली आणि माझी खात्रीच पटली. आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटं होती, शिकवायला बाप मास्तर होता, हे मी हिशेबात धरलंच नाही.

वस्तीवरचे बहुतेक पालक ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं आजीपाशी राहतात किंवा फडावर जातात. अशा घराच्या पत्र्यावर टीव्हीची छत्री दिसली की मला राग यायचा. उचलीच्या पैशातून ही चैन कशाला, असं वाटायचं.

ती चैन नव्हती. त्या छत्रीवर दिसणारी दूरदर्शनची सेवा 16 डिसेंबर 2004 ला डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली, आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचा रिचार्ज नाही. फेब्रुवारी 2019 च्या नव्या दरपद्धतीनंतर केबलच्या पहिल्या शंभर चॅनेलांसाठीच करासह महिन्याला 153 रुपयांपर्यंत आकार आला, तेव्हा आणखी काही घरांनी छत्री बसवली. वर्षातले पाच-सहा महिने परगावी काढणाऱ्या माणसाला हाच हिशेब परवडतो. मी तो कधी विचारून घेतला नव्हता.

2020 च्या जूनमध्ये कोरोनामुळे शाळा उघडली नाही. मी मोबाइलवर अभ्यास पाठवू लागलो. वर्गातल्या एकवीस मुलांपैकी सहा जणांच्याच घरी तसा फोन होता, तोही बाप कामावर नेई. मग 20 जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं ती तयार केली होती. मी तोंडाला रुमाल बांधून घरोघर फिरलो. ज्या दारात टीव्ही विकायला सांगितलं होतं, त्याच दारात उभा राहून आता तो चालू आहे का, हे विचारत होतो. एक आजी म्हणाली, "मोबाइल न्हाई गुर्जी, पर छत्री हाय."

तिची छत्री वाऱ्यानं फिरली होती. शेजारच्या पोरानं पत्र्यावर चढून, दुसऱ्या छत्र्यांकडं बघत, तिचं तोंड आग्नेयेला वळवलं. मी खाली टीव्हीसमोर उभा राहून हाक देत होतो. सह्याद्री लागली तशी चार घरची पोरं उंबऱ्यापर्यंत बसली. मालिकेत सांगितलेलं घरातल्याच वस्तू घेऊन करून बघायचं होतं. आजीनं मूठभर ज्वारी आणून दिली आणि नातीबरोबर तीही दाणे मोजत बसली.

त्याच आठवड्यात माळ्यावरचा टीव्ही उतरवला. तो सुरू झाला नाही. बत्तीस इंची नवा आणला, वर छत्री बसवली. सकाळी भाग बघायचा आणि दुपारी वह्या तपासायला वस्तीवर जायचं, असा नेम झाला. मूल कुठं अडलं हे टीव्हीला दिसत नाही, ते मलाच बघावं लागे. वीज गेली की तास बुडे. टीव्ही शाळेची जागा घेईल असं मी आजही म्हणत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत मालिका चालणाऱ्या घरात अभ्यास होत नाही हेही खरं आहे. पण तो कधी लावायचा नि कधी बंद करायचा, हे पालकांशी बसून ठरवता येतं. मी ते न करता सरळ विकायला सांगत होतो.

शाळा भरल्यावरच्या पहिल्या पालकसभेत मी माझी चूक बोलून दाखवली. मागच्या रांगेतून एक बाप म्हणाला, "गुर्जी, तुमचं ऐकून इकला असता, तर पोरगी त्या साली काय शिकली असती?" त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्याजवळ उत्तरही नव्हतं.

आता नवं मूल शाळेत आलं की मी त्याच्या घरी जातो, आणि घरात काय काय आहे ते आधी विचारतो.